इस्त्रीवाल्या मावशीची प्रार्थना

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. रिंग जात राहते आणि मग ती बाई बोलते, थोड्या वेळाने प्रयत्न करा. परवा तिला मी चांगलीच झापली, तर तुझे भाऊजी हसत सुटले, म्हणाले, अगं ते मशीन आहे. म्हणून आता कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही. मी शाळेत किती टिकले ते तुला ठाऊक आहे, तेव्हा काना-मात्रा शोधत बसू नकोस. गुमान वाच.

आधी घरचं. सगळी बरी आहेत. तुझ्या भाचीला दातांच्या डॉक्टरांकडे काम लागलं, पेशंटना नाव घेऊन आत बोलवायचं. आवाज माझ्यावर गेलाय तिचा. दाढ धरून बसलेली माणसं तिची हाक ऐकून दाढ विसरतात म्हणे. भाऊजींचं पोट सुटलंय आणि ते कबूल करत नाहीत, पँट आटली म्हणतात. आणि कुणी आटवली? तर मी, कारण मी लॉन्ड्रीत कामाला! माझं काम आहे तेच. हॉटेलांच्या चादरी येतात, ढीग पडतो, धुवायच्या, पिळायच्या, इस्त्रीच्या रुळाखालून काढायच्या, घड्या घालायच्या. संध्याकाळी घरी आले की स्वतःच्या अंथरुणाची घडी घालायचा कंटाळा येतो.

तू तिकडे लिफ्ट दुरुस्त करतोस, डबा आणून खातोस आणि रविवारचा दिवस झोपून काढतोस, हे सगळं मला कळलंय. तुझ्या घरमालकिणीला मी फोन केला होता. ती उचलते. भली बाई आहे, पण फार बोलते. ती म्हणाली की, तुमचा भाऊ कुठल्याच प्रार्थनेला जात नाही, इथे चर्चची मंडळी आहे जवळच, मी बोलावलं तर म्हणाला, देवाचं नाव काढू नका माझ्यापाशी. ते ऐकून मला रात्रभर बरं वाटलं नाही. आईच्या मांडीवर बसून तू गाणी शिकलास, बोलायच्या आधी गायलास, आणि आता हे? तुला ओढून आणायला मी काही मेंढपाळ नाही. पण त्या रविवारी तू खुर्ची पाडून निघून गेलास, त्यानंतर काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर गुळगुळीत करून सांगेल.

आठवतं ना, मावशीला आपल्या मंडळीत मीच आणलं होतं. आमच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मशीनवर ती नवीन लागली, मुलगा जहाजावर, इथे एकटीच. तिची भाषा कुणालाच येत नव्हती. बाहेरून आलेली बाकीची घरं तरी कुठे एका मुलखाची होती? बसचा ड्रायव्हर एका टोकाचा, नर्स दुसऱ्या टोकाची, आणि त्यांनाही मावशीचं एक अक्षर कळायचं नाही. कामावर ती गप्पच असायची. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, मी मान हलवली की ती पुढे यायची, बस, एवढंच आमचं बोलणं. पण प्रार्थनागृहात मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली की ती उभी राहायची आणि तिच्या तोंडातून असा लोंढा सुटायचा, डोळ्यांतून पाणी, सगळं अंग डोलतंय. आपण सगळी थक्क. मग एका रविवारी तू उठलास आणि म्हणालास, ही हिची रोजची बोली नव्हे, ही पवित्र आत्म्याने दिलेली भाषा आहे, आणि मला तिचा अर्थ उलगडतोय.

सुरुवातीला तू सांगायचास ते बरं होतं. जागे राहा, एकमेकांना क्षमा करा. कुणाचं काय बिघडलं? पण पुढे पुढे तुझा अर्थ आंबट व्हायला लागला. प्रभू म्हणतो, या घरात सरमिसळ झाली आहे. प्रभू म्हणतो, जुन्यांनी आपली वाट वेगळी धरावी. आणि माणसं माना डोलवायला लागली रे! भिंतीकडे जुनी, दाराकडे नवी, अशी बसायला लागली. मंडळीचा कारभार बघणारे ते चष्मेवाले वडील तर प्रार्थनेच्या दोन वेळा ठरवायला निघाले, सकाळी आपण, दुपारी ते. माझ्याशेजारी बसून एका पुस्तकातून गाणारी नर्स दाराकडे जाऊन बसली आणि मला ताल सापडेना. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं. देव बोलला तर माणसाला लाज वाटेल, रडू येईल, घाम फुटेल. पण शेजारणीचा राग कसा येईल? घरी गेल्यावर जेवण का जाणार नाही? मी तुला विचारलंसुद्धा, जिन्यात. तू म्हणालास, ताई, तुला यातलं कळत नाही. बरं, नाही कळत.

मग तो रविवार. मावशीची सून पहिल्यांदाच आली होती, जहाजावरच्या मुलाची बायको, आपली भाषा फाडफाड बोलणारी. माझ्या बाजूला बसली. मावशी उठली, लोंढा सुरू झाला. तुझा हात वर गेला आणि तू म्हणालास, प्रभू म्हणतो, मी हे घर चिरून दोन करीन. सून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं घाबरली. पण तिला हसू दाबवत नव्हतं. शेवटी फुटलंच. सगळ्यांसमोर विचारते, हे कुणाबद्दल बोलतायत? सासूबाई तर गुडघ्याचं सांगतायत! आणि लागली की सांगायला. गुडघ्याला आराम पडू दे. मशीनची वाफ हातावर येते ती थांबू दे. मुलाच्या जहाजाला वारा जपून दे. माझ्यासोबत चादर धरणारी, ती सारखी ओरडणारी बाई, तिचा घसा सांभाळ. हसलं सगळं प्रार्थनागृह. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, माझंच नाव निघालं होतं. हसता हसता तुझ्याकडे बघितलं, तर तुझा हात अजून वरच. मग खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि दार.

आता पुढचं, जे तुला माहीत नाही. पाळकांनी सगळ्यांचं हसणं थांबवलं. म्हणाले, हसू नका, रडा. तो एकटा चुकला नाही. देवाच्या नावाने कुणी काही बोललं तर बाकीच्यांनी ते पारखायचं असतं, आणि आपण ते अलगद गिळलं, कारण आपल्याला तेच ऐकायचं होतं. चष्मेवाल्या वडिलांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, किती वेळ पुसत होते. दोन वेळांचं पुन्हा कुणी बोललं नाही. आता नियम झालाय. देवाने मला सांगितलं असं कुणी म्हटलं की खुर्च्या गोल मांडायच्या, जुनी-नवी मिसळून, आणि विचारायचं, याने प्रेम वाढतं का, ख्रिस्तासारखं दिसतं का हे? माझा तर जीव जातो. मागच्या खेपेला शिंपीभाऊंना पडद्याचं स्वप्न पडलं होतं, ते पारखता पारखता भाजी जळेल म्हणून मी उठायला लागले, तर नर्सने पदर ओढून खाली बसवलं. हो, ती परत माझ्याशेजारी बसते. गाण्यात मी अजूनही पुढे पळते आणि ती चिमटा काढते.

तुला वाटत असेल, आपल्याला हसत असतील. हसले की. दोन-तीन रविवार हसले. मग शिंपीभाऊ उपदेशाच्या मध्यात घोरले आणि लोकांना नवा विषय मिळाला. तू खोटारडा नव्हतास, हे मी सगळ्यांना सांगून बसलेय. मी तुला लहानपणापासून बघतेय, तुला खोटं बोलताच येत नाही, कान लाल होतात. झालं काय ते मला ठाऊक आहे. त्या वर्षी मंडळीचा नवा वडील म्हणून तुझं नाव येईल असं तू धरून चालला होतास आणि मंडळीने ड्रायव्हरला निवडलं. तू हसून त्याला हात दिलास, पण ते गिळलं नाहीस. पोटातलं तोंडात आलं आणि तुला वाटलं, वरून आलं. एवढंच. तुला काय वाटतं, असं एकट्या तुझंच होतं?

आता मी का लिहायला बसले ते. मावशीने त्या दिवसापासून मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. उभीच राहत नाही. आम्हाला वाटलं, हसलो म्हणून रागावली. सुनेला विचारायला लावलं, तर मावशी म्हणाली, तो उंच माणूस गेला, आता कुणाला ऐकवू? सून मला सांगत होती आणि माझ्या हातातली चादर खाली पडली. मावशी म्हणते, या मुलखात येऊन इतकी वर्षं झाली, मी बोलले की लोक माझ्या तोंडाकडे बघतात, वेड्याकडे बघावं तसं. तो एकटा डोळे मिटून ऐकायचा. आठवडाभर इस्त्री करताना मी ठरवायची, रविवारी काय काय सांगायचं, कारण ऐकणारं कुणी होतं. धाकट्या, अर्थ तू साफ चुकवलास, पण ऐकत होतास तू एकटाच. मी तर घड्याळाकडे बघायची. तिने सुनेकडून तुझ्या-माझ्या भाषेत एक प्रार्थना शिकून घेतलीय. पाठ झालीय, घोकत असते मशीनवर. पण म्हणणार नाही म्हणते, तो आल्याशिवाय. पाळकांनी समजावलं, देव ऐकतो ना. तर म्हणे, देव ऐकतोच, पण त्यालाही ऐकू दे. तेव्हा बऱ्या बोलाने ये. शनिवारी दुपारी तुझ्या शहराच्या स्टँडवरून ड्रायव्हरची बस सुटते. पुढची जागा त्याने तुझ्यासाठी ठेवलीय, आपणहून, मी सांगितलं नव्हतं. म्हणाला, तो दिसला नाही तर मी त्याच्या गल्लीत गाडी घालीन आणि हॉर्न वाजवत बसेन, उशीर झाला म्हणून प्रवासी मला शिव्या घालतील त्या घालू देत. तो करेल हं तसं. दाढी करून ये. अर्थ सांगायची काळजी नको, या वेळी सगळ्यांना कळणार आहे. तू नुसतं ऐकायला ये.

तुझीच, आणि त्याला तुझा नाइलाज आहे,
ताई