मायक्रॉनचा मालक

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. बेळगाव

वय त्रेपन्न, आणि पहिल्या बाकावर! मागे बसलेली पोरं कुजबुजतात – "काका चुकून आले काय रे?" त्यांना काय माहीत, डिचोलीच्या शेडमध्ये तीन खोल्या पलीकडे टूल घासलं तरी ऑफिसात बसून मला ऐकू येतं. असले कान घेऊन कुजबुज ऐकणं म्हणजे फुकटची करमणूक.

आलो कारण यावंच लागलं. धारगळचे पंपवाले (पंप बनवणारी कंपनी, माझं मोठं गिऱ्हाईक) म्हणतात, यापुढे प्रत्येक लॉटबरोबर सीएमएमचा, म्हणजे कॉम्प्युटरवर माप घेणाऱ्या मशीनचा, रिपोर्ट, नाहीतर काम बंद. माझं निम्मं शेड त्यांच्या बेअरिंग हाउसिंगवर – ज्याच्या भोकात बेअरिंग बसतं त्या तुकड्यांवर – चालतं. म्हणून मशीन घेतलं. गेल्या वर्षी शेडमधल्या साईशला शिकायला पाठवला – तो शिकला आणि सहा महिन्यांत वेर्ण्याच्या मोठ्या कारखान्यात पळाला. मी शिकलो तर निदान पळणार तरी नाही!

२४ सप्टेंबर, बुधवार

शिकवणाऱ्या तनया मॅडम. माझ्या पुतणीच्या वयाच्या. हुशार. सुई येते, तुकड्याला चार-आठ ठिकाणी टोचते, टिक-टिक-टिक, आणि कॉम्प्युटर सांगतो भोक किती. केसाच्या विसाव्या भागापर्यंत. सुईने कुठून यायचं, कुठे थांबायचं, कुठे टोचायचं – ते सगळं आपण लिहून द्यायचं. म्हणजे प्रोग्रॅम. आज माझी सुई सरळ तुकड्यावर जाऊन आपटली. मागून हशा. मीही हसलो. नंतर त्या हसणाऱ्याचीही आपटली – मी जास्त हसलो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अर्धा दिवस पुसण्यावर! मशीनच्या काळ्या दगडावर दांडीवर एक पांढरी गोळी असते. सुई रोज आधी त्या गोळीला टोचून स्वतःचं माप ठरवून घेते, मग बाकीच्या जगाचं. "काका, ही गोळी म्हणजे देव. रोज आधी ही पुसायची. आणि पडद्यावर पिवळी खूण आली तर ओके दाबायचं नाही. थांबायचं."

लिहून घेतलं. पण इंजिनिअर होऊन माणसाने फडकं मारायला शिकवावं! आमच्याकडे त्या कामाला शेवंता आहे.

सर्टिफिकेट मिळालं. नाव चुकलंय – शंभूच्या जागी शंकर. एकाच घरचे, चालायचं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

बायकोने, पद्मावतीने, वाटीत पिंजर (कुंकू) तेलात कालवून दिली. लेथ, ड्रिल, मिलिंग, सगळ्यांना आमचा जुना कारागीर दादू याने टिळे लावले. अठरा वर्षं तोच लावतो. नव्या मशीनच्या काचेच्या खोलीत मात्र मी एकटा. कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही. झेंडूचा हार, नारळ (बाहेर फोडला, आम्ही शिकलेले!), पाच बोटांनी पिंजर. मॅडमनी ज्याला देव म्हटलं त्यालाही विसरलो नाही.

दादूची बायको शेवंता दारातून हात जोडून म्हणाली, "लई गोड दिसतंया." चंदगडची माणसं, मशीनलाही गोड म्हणतात.

६ ऑक्टोबर, सोमवार

स्वतःचा पहिला प्रोग्रॅम! सुई आपटली नाही! गोळीला टोचताना टिक जरा मऊ वाटला – एसीमुळे असेल. पिवळी खूण आली. ओके दाबला. सगळ्या जगाला थांबून कसं चालेल? पंपवाले थांबतात काय?

७ ऑक्टोबर, मंगळवार

दादूच्या चाळीस हाउसिंगपैकी अडतीस लाल. भोक मोठं. चालतं त्या मर्यादेच्याही वर दहा मायक्रॉन – मिलिमीटरचा शंभरावा भाग. लहान असतं तर खरवडून वाढवता आलं असतं. मोठं म्हणजे भंगार – अख्खा लॉटच टाकला.

आणि हा अठरा वर्षं मला सांगतोय – "मालक, माझा हात चुकत न्हाई."

८ ऑक्टोबर, बुधवार

दादू प्लग गेज घेऊन आला. लोखंडी दांडका – एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. संपला अभ्यास. चाळीसही तुकडे माझ्यासमोर तपासले. "ह्ये जातंय, ह्ये अडतंय. अजून काय पायजे मालक?"

मी म्हटलं, "अरे बाबा, नारळ वाजवून बघण्याचे दिवस गेले. हे मशीन बघ." पडदा दाखवला. दादू पडद्याकडे बघतच नव्हता. फडकं हातात घेऊन सरळ आत आला, "मालक, त्ये जरा..." म्हणत दगडाकडे हात केला. तेलाने माखलेले हात! मी ओरडलो – "हात लावू नको!" सगळं शेड ऐकत होतं. लेथसुद्धा थांबला वाटलं.

गेला बाहेर. म्हातारपणी माणसाला नवं काही नको असतं. (माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण ते सोडा.)

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा लॉटही लाल. दादूला म्हटलं, पंचवीस मायक्रॉन कमी कर, म्हणजे मर्यादेच्या मधोमध बसेल. म्हणाला, "कमी केलं तर बेअरिंग बसायचं न्हाई. खोटं काम माझ्या हातनं व्हायचं न्हाई." मी म्हटलं, मग ज्याच्या हातून होईल तो करील.

त्याने लॉकरची किल्ली टेबलावर ठेवली. प्लग गेज पुसून तेल लावून माझ्या खणात ठेवला. शेवंतानेही केरसुणी कोपऱ्यात उभी केली. दोघं बसस्टँडकडे चालत गेली.

घरी सांगितलं तर पद्मावती म्हणते, "अठरा वर्सां तेच्या हातार घर चल्लां. आणि आता तेचो हात वायट?" बायकांना मायक्रॉन कळत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हरमलचा निलेश आला कामाला. सीझनमध्ये पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो, बाकी वेळ ऑपरेटर. गोड पोरगा. "बाब, किती कमी करूं?" "पंचवीस." "बरें." बस्स! ना हात, ना तत्त्व. दोनशे तुकडे, सगळे हिरवे! रिपोर्ट छापला तर पानभर मळा पिकल्यासारखा.

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी

वाड्यावरच्या पोरांनी जाळायला केलेला नरकासुराचा पुतळा एका बाजूला कलला होता. म्हणालो, मोजून देतो किती अंश. कोणी हसलं नाही. दादूच्या घरून दरवर्षी कडक बुंदीचे लाडू येतात. दात आणि लाडू, कोण आधी फुटेल सांगता येत नाही. यंदा आले नाहीत. दात सुखी.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दोनशेच्या दोनशे परत! टेम्पो दारात. पंपवाल्यांच्या साहेबांचा फोन – "शंभूबाब, रिपोर्ट सुंदर आहे. बेअरिंग जात नाही." शुक्रवारपर्यंत कारण लेखी हवं, नाहीतर काम दुसरीकडे.

मी ऑफिसचं दार लावून घेतलं. खणातून दादूचा प्लग गेज काढला. निलेशच्या तुकड्यात घातला – जायचं टोक जात नाही. दुसरा. तिसरा. नाही.

मग भंगारात टाकलेले दादूचे चाळीस आणले. जायचं टोक लोण्यात जावं तसं गेलं. न जायचं टोक – अडलं.

चाळीसही तपासले. दार लावलेलंच बरं होतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

फोन करून बोलावलं होतं, तनया मॅडम बेळगावहून आल्या. मी कॉम्प्युटर सुरू करायला गेलो. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. दगडाकडे वाकल्या.

"काका, हे लाल काय?"

"टिळा."

"गोळीवर?"

"तुम्हीच म्हणाला होता, देव..."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "कोणी लावला?" जिभेवर आलं होतं – शेवंता. ती तर आता इथे नाही, नाकारणार कोण? इतकं सोपं होतं की माझीच मला भीती वाटली. म्हणालो, "मी."

सुईला गोळी फुगलेली लागली, म्हणून सुईने स्वतःला जाड समजून घेतलं, आणि जगातली सगळी भोकं तेवढी मोठी सांगितली. इतके दिवस दोन मशीन-हेल्पर, निलेश आणि मी तो टिळा रोज बघत होतो. देवाचा म्हणून कोणी पुसला नाही. पिवळी खूण रोज येत होती. ओके मी दाबत होतो.

मॅडमनी गोळी पुसली. टिक – कडक, जुना टिक! पडदा हिरवा. दादूचे चाळीस चढवले. चाळीसही हिरवे.

पंपवाल्यांना लेखी कारण दिलं: "संदर्भ गोळीवर बाह्य पदार्थ." बाह्य! पद्मावतीने वाचलं आणि म्हणाली, "तुझा बोट म्हण मरे."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पंपवाल्यांनी दादूचे चाळीस घेतले. पुढचा लॉट त्याच हातचा हवा म्हणाले.

संध्याकाळी दादूच्या खोलीवर गेलो. शेवंताने चहा दिला. मी सगळं सांगितलं – गोळी, टिळा, पिवळी खूण. सोमवारी ये, म्हटलं. दादू बशीत चहा ओतत होता, मान वर केली नाही.

"टिळ्याचं ठावं हाय मालक. फडकं घेऊन त्योच पुसाय आलो हुतो त्या दिवशी."