सुगंतीचे पातेले

मी, चांगुणा प्रेमानंद इंगळे, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार जलंब रस्ता, खामगाव, जिल्हा बुलढाणा, आज माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डॉ. गार्गी यांनी सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. आवाज मात्र ठिकाणावर नाही. घशाच्या शस्त्रक्रियेत गेला तो गेलाच. जिल्ह्याच्या एका टोकाच्या धाड गावच्या बाजारापासून दुसऱ्या टोकाच्या सोनाळ्याच्या चावडीपर्यंत जिने सभा गाजवल्या, तिला आता दूधवाल्यालाही हाक मारता येत नाही. म्हणून जे बोलायचे ते लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणावा इतके माझे महत्त्वही आता उरलेले नाही.

सन २०१६ मध्ये केलेल्या मृत्युपत्राने मी माझे घर 'शेजार मंडळ' या आमच्या संस्थेला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. कारण कलम चारमध्ये आहे. घाई असलेल्यांनी सरळ तिथे जावे.

१. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने आणि साधा व्हावा. शोकसभा घेऊ नये. मी स्वतः खूप शोकसभांत बोलले आहे. गेलेल्या माणसाच्या कामाचे तिथे काही नसते. घेतलीच, तर ज्यांनी आयुष्यभर माझी ओळख 'प्रेमानंदरावांच्या सौभाग्यवती' एवढीच करून दिली, त्यांच्या हाती सूत्रसंचालन देऊ नये.

२. चि. प्रसेनजित यास त्याच्या वडिलांची पान्यांची पेटी. प्रेमानंद एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. प्रसेनजित पुण्यात संगणकावर काम करतो. मागे फोनवर म्हणाला, "आई, मी या पान्यांचं काय करू?" मी लिहून पाठवले, "वर्षातून एकदा तेल लाव." त्याने घर मागितलेले नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण मी गेल्यावर 'मुलाला डावलले' असे म्हणणारे याच गल्लीत आहेत. घर मी माझ्या पगारातून बांधले. ते वडिलोपार्जित नाही. "तुला योग्य वाटेल ते कर आई, फक्त एकदा माझ्याकडे राहायला ये," असे तो म्हणाला. जाणे झाले नाही. थकवा हे कारण खरे होते.

३. बँकेतील शिल्लक दवाखान्याची देणी भागवून मंडळाच्या पाळणाघराच्या दुधासाठी ठेवावी. पुस्तके प्रसेनजितने आधी चाळावीत, त्याला नको असलेली वस्तीतल्या मुलींना द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ते खोडू नये. माइक आणि कर्णा विकून दोन मोठ्या कढया घ्याव्यात. कढई कोणाच्या तरी पोटापर्यंत पोहोचते. माझी भाषणे कुठवर पोहोचली, याची आता मला खात्री देता येत नाही.

४. घर.

दसरा झाला की कापसाच्या जिनिंगच्या हंगामासाठी बऱ्हाणपूर, खंडव्याकडची कुटुंबे आमच्या मागच्या मोकळ्या जागेत उतरतात. सोबत अंथरुणाचे गाठोडे आणि लेकरे. भांडी ओझ्याची, म्हणून ती गावीच राहतात. बारा वर्षांपूर्वी त्यांतली एक बाई माझ्या दारात आली. कोरकू आदिवासी बाई, सुगंती कास्डेकर तिचे नाव.

"बाई, एक बर्तन भेटन का? भात शिजवाचा हाय."

मी पातेले दिले. आठ दिवसांनी ते लखलखीत घासून परत आले, आत मूठभर मोहफुले.

"हे काऊन वं?" मी विचारले.

"खाली कसं देऊ बाई? खाली बर्तन धाडलं तं दोन्ही घरं खाली होतात."

माझी आईही असेच म्हणायची. शेजारच्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर मीठ घालायचे. एवढे वाचून, एवढे बोलून मी ते विसरले होते.

शेजार मंडळ त्या पातेल्यापासून सुरू झाले. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही भांडेघर केले. परातीपासून तव्यापर्यंत सारे हंगामापुरते उसने. अनामत नाही, अर्ज नाही, फोटो नाही. बाहेरून आलेल्यांना दिले, तसे आमच्याच वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांनाही दिले. भांडे न्यायला आलेली बाई उंबऱ्यात घटकाभर टेकते. मग कळते की लेकराला ताप आहे, ठेकेदाराने उचल कापून घेतली, रेशन गावाकडेच अडकले आहे, पोरीला शाळेत बसवायचे आहे. मंडळाने जे काही काम केले, दवाखाना, शाळा, रेशन, पाळणाघर, ते सगळे त्या उंबऱ्यावर ऐकून केले. परत येणाऱ्या भांड्यांत अंबाडीची भाजी असे, मिरच्या असत, मूठभर कुटकीचे बारीक धान्य असे. एकदा भर उन्हाळ्यात एकाने हंडा पाण्याने भरून आणला. "दुसरं काई नव्हतं, माय," म्हणाला. त्या महिन्यात खामगावात पाणी काय भावाने मिळत होते हे ज्यांना आठवते, त्यांना त्या हंड्याची किंमत सांगायला नको.

आता श्री. अनंतराव यांच्याविषयी. ते मंडळाचे सचिव, कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. एक पैसा इकडचा तिकडे होऊ देणार नाहीत. आमचे भांडण जुने आहे.

"ताई, या मिरच्या मी कोणत्या खात्यात दाखवू?"

"शेजार खात्यात दाखवा."

"असं खातं नसतं."

"मग उघडा."

"ऑडिटर हसेल हो."

"हसू द्या. बिचाऱ्याला एरवी कुठे हसायला मिळतं?"

दुसरे गाऱ्हाणे असे, की इतक्या वर्षांत त्यांनी वस्तीत कोणाच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही. विचारले की म्हणतात, "आत्ताच घेऊन निघालो." कुठून घेऊन निघतात देव जाणे, आणि देवाशी माझी ओळख नाही.

मी शस्त्रक्रियेसाठी नागपूरला असताना एका मोठ्या देणगीदाराची माणसे येऊन गेली. त्यांना सगळे नीट हवे होते. अनंतरावांनी दारावर पाटी लावली : 'भांडी स्वच्छ व रिकामी परत करावीत. कोणतीही वस्तू स्वीकारली जाणार नाही. भांडे घेताना छायाचित्र आवश्यक.' मी परत आले तेव्हा हंगाम भरात होता आणि फळीवर भांडी उपडी पडलेली. उंबरा मोकळा. मी सुगंतीला खुणेने विचारले. ती तोवर इथेच स्थायिक होऊन पाळणाघर सांभाळत होती.

"येत नाईत बाया," ती म्हणाली. "काई देऊ देत नाई, वरून फोटू काढता. मंग ते उसनं कायचं? ते तं भीक झाली."

त्या हंगामात एका बाळाचा न्यूमोनिया आम्हाला कळला तो ते दवाखान्यात पोहोचल्यावर. बाळ वाचले. त्यात आमचा हात नव्हता.

मी सभेत उभी राहिले. ज्या विषयावर मला दोन तास बोलता आले असते, त्यावर दोन वाक्ये फुटली नाहीत. पाटी राहिली. शिवाय ठराव झाला की पुढच्या वर्षी भांडी भंगारात काढावीत आणि दोन्ही खोल्यांत देणगीदाराच्या नावाचे प्रशिक्षण केंद्र करावे. पाच विरुद्ध दोन. एक मत माझे, दुसरे याच रस्त्यावरच्या भागवतरावांचे, जे खाली साक्षीदार आहेत. हरण्याची मला सवय आहे. पण नेहमी परक्यांकडून हरत आले होते.

मात्र खोल्या मंडळाच्या नाहीत. त्या माझ्या आहेत. म्हणून :

माझे राहते घर, पुढील दोन खोल्या व त्यांतील सर्व भांड्यांसह, मी सुगंती कास्डेकर हिला कायमचे व पूर्ण मालकीने देते. मंडळाने तिथे राहायचे असल्यास तिची परवानगी घ्यावी. ती देईल, मी तिला ओळखते. पाटी काढायची की ठेवायची, ते घरमालकीण ठरवील. बाहेरून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने एकदा बाहेरून आलेल्या बाईच्या घरात वागून पाहावे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. अनंतराव यांनी करावी. वाचणारे दचकतील, ते स्वतःही दचकतील. पण शब्दाप्रमाणे काम करणारा त्यांच्याइतका काटेकोर माणूस मला या गावात भेटला नाही. त्यांना हे पटणार नाही, आणि तरी ते यातला काना-मात्रा बदलणार नाहीत. माझ्या मित्रांबद्दल मला एवढी खात्री नाही.

६. स्वयंपाकघरात खिडकीखाली काठ चेपलेले ॲल्युमिनियमचे पातेले आहे. ते माझे नाही, म्हणून मला ते कोणाला देता येत नाही. मी नागपूरहून आल्यावर सुगंती त्यातून माझ्यासाठी कुटकीची पेज आणत असे. घशाखाली तेवढेच उतरायचे. शेवटचे पातेले माझ्याकडेच राहिले. तिने मागितले नाही. मी रोज बघते, पण चुलीपुढे उभे राहून त्यात घालण्याजोगे काही करण्याचे त्राण आता नाही.

अनंतरावांनी ते घासून घ्यावे. त्यात या घराची किल्ली ठेवावी आणि दिवसाउजेडी, स्वतः चालत जाऊन सुगंतीच्या हातात द्यावे. फोटो काढू नये. नोंद करावीशी वाटली तर कोणत्या खात्यात, ते त्यांना ठाऊक आहे.

ती चहा विचारील. अनंतराव, 'आत्ताच घेऊन निघालो' म्हणू नका.

हे मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या आहेत. सुगंतीला साक्षीदार केलेले नाही, कारण मिळकत घेणाऱ्याने साक्षीदार नसलेले बरे. तिला यातले काही माहीत नाही.

चांगुणा प्रेमानंद इंगळे
(सही)

साक्षीदार :
१. डॉ. गार्गी शंतनु देशपांडे, खामगाव (सही)
२. भागवत नामदेव तायडे, निवृत्त एस.टी. वाहक, जलंब रस्ता, खामगाव (सही)

स्थळ : खामगाव
दिनांक : ९ मार्च २०२५