स्टेकसाठी शनिवारी या

अब्बा,

मी आता अजमानला राहतो. शुक्रवारी सकाळी मांस आणायला जातो तेव्हा दुकानदार विचारतो, "कितना दूँ?" आणि मी आधी विचारतो, "कब का है?" तो जरा चमकतो. रोल्लाच्या आपल्या दुकानात हे विचारावंच लागायचं नाही. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत तुम्हीच सांगायचात, हे आजचं, रश्श्याला घ्या. ते आत टांगलेलं, तीन दिवसांचं, स्टेकला तेच.

बी.कॉम. करून मी रत्नागिरीहून आखातात तुमच्याकडे आलो आणि नोकरी मिळेपर्यंत तुमच्याबरोबर उभा राहू लागलो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मांसाचे धागे बघायला शिकवलंत. "आडवं काप. धाग्यांबरोबर कापलंस तर उरलेलं काम खाणाऱ्याच्या दातांना करावं लागतं." मग अंगठा दाबायला लावलात. ताजं मांस लगेच वर येतं, टांगून मुरलेल्यात खळगा राहतो, रंगही काळपट होतो. मला ते दोन दिवसांत जमलं. पण त्याच वर्षी पलीकडे मोठं सुपरमार्केट उघडलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तुकडे मिळू लागले आणि आपली गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे जाऊ लागली. तुम्ही तरीही लोकांना परत पाठवत होतात. मला ते बघवत नव्हतं.

तो बुधवार होता. अल नहदाला राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या त्या गोव्याच्या बाई आल्या. तुम्ही म्हणालात, "जनावर आज सकाळचं आहे. मुरलेलं कालच संपलं. स्टेकसाठी शनिवारी या."

"कल पार्टी है, भाईसाब. नवऱ्याच्या ऑफिसचे लोक येणार."

"मग खिमा न्या. स्टेक होणार नाही यातून."

बाई गेल्या. तुम्ही असरच्या नमाजाला गेलात आणि थोड्या वेळाने त्या परत आल्या. बाहेर कुठे पसंत पडलं नव्हतं. मी त्यांना सकाळच्या मांसाचे सहा जाड तुकडे कापून दिले, अगदी आडवे, तुम्ही शिकवलं तसे.

शनिवारी त्या आल्या त्या रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. "एकालाही चावेना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाहुणे कौतुक करत होते आणि ताटात तसंच ठेवत होते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांना म्हणालात, "मुलाला अजून फरक ओळखता येत नाही, बाई. चूक माझी. मी नीट शिकवलं नाही." आतून उत्तम तुकडे आणून त्यांच्या हातात दिलेत. मी काउंटर पुसत राहिलो.

तुम्ही मला बोलला असतात तर बरं झालं असतं. त्याऐवजी दुपारी दुकान बंद केल्यावर तुम्ही मला थंड खोलीत नेलंत. एक ताजा तुकडा, एक मुरलेला. माझा अंगठा धरून दाबायला लावलात. "घाई नाही. कळेल." दुसऱ्या दिवशी परत. असं आठवडाभर चाललं. त्या गारठ्यात तुमचे गुडघे दुखत, तरी तुम्ही उभे. मी मुद्दाम एकदोनदा चुकलो, म्हणजे शिकतोय असं वाटावं. शेवटच्या दिवशी सगळे बरोबर ओळखले तेव्हा तुम्ही म्हणालात, "खलास. आता कुणी तुला फसवणार नाही." घरी येऊन अम्मीला सांगितलंत, पोराचा हात बसला.

पुढे मला ऑफिसात नोकरी लागली, तुम्ही दुकान सोडून गावी गेलात, आणि तिथेच वारलात. शेवटच्या भेटीत बोलायचं मनात होतं. तुम्ही झोपला होतात, मी उठवलं नाही.

त्या बुधवारी बाईंनी मला विचारलं होतं, "हे मुरलेलं आहे ना?" मी अंगठा दाबून पाहिला. मांस लगेच वर आलं. आणि मी म्हणालो, "हो, आत थोडं शिल्लक होतं."