दारापुढचा चर

इंदापूर, मंगळवार, दिवेलागण

आज गल्लीत डांबर पडलं आणि आमच्या दारापुढचा चर बुजला. नळजोडासाठी नगरपरिषदेची परवानगी काढून यांनीच तो खोदला होता. रस्ता पूर्ववत करून द्यायची अट होती. यांनी आपला मुरूम लोटला अन् झाले मोकळे! महिन्याभरात चर खचला. किती भांडले मी त्यावरून. पण संध्याकाळी यांची मोटारसायकल त्यात धाडकन आदळली, की मी उठून चहाचं आधण ठेवायची.

गेल्या वर्षी हे गेले. तरी कुणाचीही गाडी चरात आदळली, की मी उठतेच. वेडीच मी.

परवा नगरपरिषदेचा मुकादम दारात आला होता. "काकू, काय खोदायचं आसंल तर आत्ताच परवानगी काढा. डांबर पडल्यावर मिळायची न्हाय."

खोदायचंय, असं अगदी ओठांवर आलं होतं. कशासाठी, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होते? "काही नाही बाबा," म्हटलं.

रस्ता तुळतुळीत झालाय. शेजारीण म्हणाली, "सुटलो बाई." सुटलो म्हणे!

मघापासून कितीतरी गाड्या गेल्या. चर नाही, आवाज नाही. आज मी एकदाही उठले नाही.