काकूची बाजू

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण छत्रपतींच्या गादीचा तंटा शिकवायचा दिवस आला की माझं डोकं अजूनही तापतं. मोगलांच्या छावणीत वाढलेला पुतण्या सुटून येतो आणि गादी मागतो. इतकी वर्षं लढून राज्य राखलेली काकू म्हणते, हा तोतया आहे, गादी माझ्या मुलाची. पोरं विचारतात, "मॅडम, खरा हक्क कुणाचा व्हता?" आणि मला सोनपेठच्या शाळेतला तुमचा वर्ग दिसतो.

मी नववीत गेले त्या वर्षी चुलते वारले आणि त्यांच्या मुलाला तुम्ही राणीसावरगावहून आपल्या घरी शिकायला आणलंत. तोवर संध्याकाळी चुलीपाशी बसून तुम्ही मला एकटीलाच लढाया सांगायचात. परातीतल्या पिठात बोटानं किल्ल्याच्या वाटा काढायचात आणि आई भाकरी थापता थापता तुमच्यावर ओरडायची. तो आला आणि तुमच्या शेजारी, माझ्या जागेवर बसला. तुम्ही म्हणालात, "बस बाबा, आपलंच घर हाय." मी उठून आईच्या मागे गेले. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

मग तुम्ही आमच्या वर्गात याच तंट्यावर वादविवाद ठेवलात. त्याला पुतण्याची बाजू दिलीत, मला काकूची. मी ताठ उभी राहून विचारलं, "जिनं संकटात राज्य सांभाळलं, तिनं आयत्या वेळी आलेल्याला जागा का द्यावी?" बोलताना मी त्याच्याकडेच बघत होते. तो अडखळला, निम्मं विसरला. तरी तुम्ही निकाल त्याच्या बाजूनं दिलात आणि खिशातला शाईचा पेन काढून त्याच्या हातात ठेवलात. मला रडू फुटलं, तर सगळ्यांदेखत म्हणालात, "रडायलीस काय? हरायला शिक."

परवा तो परभणीहून आला होता. चहा पिताना मी हसत हसत विचारलं, "दादा, त्या दिवशी तू खरंच चांगला बोलला होतास का रे?"

"न्हाई गं, लय वाईट बोललो. घरी येताना काकाच म्हणले, पोरगी तुझ्यापेक्षा लय चांगली बोलली. पण तुला आता बाप न्हाई, म्हणून तुला दिलं."

"मला कधी बोलले नाहीत ते."

"मला वाटलं, तुला सांगितलं आसंल."

बिचारा खरं तेच, मला बरं वाटावं म्हणून बोलला. आबा, जी शाबासकी मला त्या दिवशी हवी होती ती मिळाली, आनंद व्हायला हवा होता. पण तो गेल्यापासून मला शाळेतून घराकडची ती वाटच दिसते. तुम्ही दोघं पुढं चाललायत, तुमचा हात त्याच्या खांद्यावर आहे, आणि मी फुगून बरीच मागं राहिलेय. माझं कौतुक तुम्ही केलंत, ते त्याच्यापाशी. माझ्यापर्यंत तेही त्याच्याच तोंडून आलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. त्याच्या बापाच्या मरणाचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण हेवा काही जात नाही.