दुसऱ्याच्या थुंकीवर सही

परंडा,
११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना प्रसेनजितचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही फोन बंद करून ट्रंकेत ठेवलाय, असं दादांकडून कळलं. फोननं एवढं काय केलं ते कळवा. तोवर पत्र. तुमची एकतीस वर्षं पोस्टात गेली, तेव्हा माझं अक्षर तुम्हाला लागेल. कॉलेजात कुणालाच लागलं नाही. आणि बी.एस्सी. मी दुसऱ्या वर्षी सोडली, त्यांनी मला काढलं नाही. हा फरक दादांना तुम्हीच समजावून सांगा.

भाग्यश्रीचं तुम्हाला ठाऊक आहे. मी बसतो त्या झेरॉक्सच्या दुकानावरच अभ्यासिका आहे, तिथं ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या वडिलांना, आबाराव गुरुजींना, मी त्यांच्या गावी, ईटला जाऊन लग्नाचं सरळ विचारलं. गुरुजी लई विज्ञानवादी. पत्रिका हा शब्द काढणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. मला मात्र बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, आमच्यात पत्रिका बघत न्हाईत, तू जनुकांचा रिपोर्ट आण.

इथं स्टँडसमोर तसली एक कंपनी आलीय. मी जाऊन डबीत थुंकून आलो. रिपोर्ट आला: केस टिकतील, हाडं सांभाळा, राग चौऱ्याऐंशी टक्के. तिथल्या विरुपाक्षला मी अगदी शांतपणे विचारलं की कोण रागीट. त्यात त्याची एक खुर्ची मोडली. त्यानं तेही लिहून घेतलं.

गुरुजींनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि विचारलं, हे रागाचं जनुक कितव्या वर्षापर्यंत कडक आहे, आणि त्यावर काही उतारा? विरुपाक्षकडं उतारा आहे. कंपनीची भुकटी, एकवीस दिवस, सकाळी उपाशीपोटी.

आता खरी बातमी. कंपनी जोडीही जुळवून देते. गेल्या महिन्यात भाग्यश्री एकदाच माझ्याबरोबर रसवंतीत आली होती. तिच्या रसाच्या ग्लासातली स्ट्रॉ मी पाकिटात जपून ठेवली होती. ती दिली आणि फॉर्मवर तिच्या वतीनं सही ठोकली. तिला अजून सांगितलं नाही. एकदम छत्तीस गुण घेऊनच समोर जाणार आहे.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच. त्यातला थोडा गुरुजींकडं वळवावा.

तुमचा भाचा,
प्रसेनजित


तेर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजित यास बनाआत्याचे अ. आ.

फोननं काय केलं म्हणून विचारतोस. ऐक. एका गोड आवाजाच्या पोरीनं मला आजी म्हणून हाक मारली आणि सांगितलं की तुमच्या घराण्यात हाडं ठिसूळ निघतात, आमच्या गोळ्या घ्या. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं बाई? म्हणाली, तुमच्या रक्तातल्याच माणसानं. दुसऱ्या दिवशी विमेवाला. तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या पट्ट्यावाला. मला वाटलं शेजारची धुरपदाबाई चावटपणा करते, म्हणून तिच्याशी चार दिवस बोलले नाही. तुझं पत्र आलं आणि तिच्याकडं जाऊन चहा पिऊन आले. नातेवाईक म्हणून तूच माझा नंबर लिहून दिलास ना?

अरे, थुंकलास तू एकटा, पण त्या डबीत मीही होते. तुझा बाप होता, आजोबा होते. आम्हाला विचारलंस का? खुर्ची मोडायची ती सही करायच्या आधी मोडायची.

पोस्टात फाटकी पाकिटं यायची. आतला कागद डोळ्यांसमोर दिसायचा. आम्ही वरून पट्टी चिकटवायचो आणि पुढं पाठवायचो. वाचायचं नसतं, एवढीच ती नोकरी. तू तर त्या पोरीचं बंद पाकीट चोरलंस आणि फोडायला परक्याच्या हातात दिलंस. स्ट्रॉ जपून ठेवलीस तिथवर मला हसू आलं. सही केलीस तिथं पत्र खाली ठेवलं.

उद्याच्या उद्या जाऊन रद्द कर. आणि तिला सांग, रिपोर्ट यायच्या आत.

भुकटी घेऊ नकोस. राग आपल्याकडं आधीपासून आहे, उलट तुझ्यात कमीच उतरलाय.

आशीर्वाद आहेतच, जपून खर्च कर.
बनाआत्या


परंडा,
२ मार्च २०२५

ती. आत्यांना सविनय जयभीम. वि. वि.

रद्द करायला गेलो होतो, शपथेवर सांगतो. विरुपाक्ष म्हणाला, नमुना मागं घेणारी बाई तीच आहे का याची खात्री करावी लागते. त्यासाठी तिची थुंकी पुन्हा आणा. मी म्हणालो, हे तर लुटारूंचं राज्य झालं. त्यानं एकेचाळीस पानांच्या अटी समोर ठेवल्या. सगळ्यांखाली माझंच 'मान्य' होतं. या वेळी खुर्ची त्यानं आधीच आत नेऊन ठेवली होती.

तोवर तिचा रिपोर्ट निघालाही, जोडी जुळल्याच्या शिक्क्यासकट. फॉर्मवर पालक म्हणून मी गुरुजींचा नंबर घातला होता, त्यांच्याकडं गेला. उतारवयात विसर पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, असं त्यात आलंय. गुरुजी दुसऱ्याच दिवशी एसटीनं परंड्याला आले. दुकानात माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, ही जनुकं-बिनुकं सगळं थोतांड आहे, शिकल्यासवरल्या माणसानं मनावर घेऊ नये. पोरीला यातलं काही माहीत नाही, कुणापाशी बोलू नकोस, मे महिन्यात लग्न उरकून टाकू. आत्या, माझे चौऱ्याऐंशी टक्के एका मिनिटात माफ झाले.

मला आनंद आवरला न्हाय. तसाच अभ्यासिकेत चढलो. जिन्यावर भाग्यश्री भेटली. तिला सगळं सांगितलं. म्हणालो, घाबरू नकोस, तू मला विसरलीस तरी मी रोज सकाळी तुला माझं नाव सांगीन. मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. तिनं एवढंच विचारलं, "हे मला सांगायला तुला कुणी सांगितलं होतं?" मग पिशवी उचलली आणि ईटच्या गाडीत बसली. सात दिवस झाले. फोन उचलत नाही.

मी तर तिला आहे तशी स्वीकारली होती. तुम्ही तिला दोन ओळी लिहा. तुमचं ऐकेल.

लोभाची एवढी गरज याआधी कधीच नव्हती.
प्रसेनजित


तेर,
७ मार्च २०२५

चि. प्रसेनजित यास अ. आ.

मी लिहिणार नाही. तुझ्या वतीनं तर नाहीच. वतीनं सह्या करून जे झालं तेवढं पुरे.

तिला आहे तशी स्वीकारली म्हणतोस. ती तुझ्या दारात पार्सल होऊन आली होती का? तिचं म्हातारपण तिच्याआधी तू वाचलंस, मग जिन्यात उभं राहून तिला वाचून दाखवलंस. तिला ते कधीच वाचायचं नसेल तर? आता तिनं ते कुठं ठेवावं?

माफी मागायची तर तूच लिही. छोटं लिही. बदल्यात काही मागू नकोस.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
बनाआत्या


ईट,
१९ मार्च २०२५

प्रसेनजित, जयभीम.

तुझं अकरा पानांचं पत्र मिळालं. छोटं लिहायला आत्यांनी सांगितलंय, असं त्यात तूच चारदा लिहिलंयस.

बाबा सकाळी मला सांगतात की जनुकांचं सगळं थोतांड आहे, आणि सांगता सांगता भिजवलेले सात बदाम हातावर ठेवतात. रात्री सहज विचारल्यासारखं विचारतात की परवा भाजी कसली होती. एकदा मी मुद्दाम चुकीची सांगितली. ते जेवले नाहीत. पुन्हा तसं करणार नाही.

कंपनीला मीही फोन केला. माझं आहे ते पुसून टाका, असं मी म्हणाले. त्यांना पुसण्यासाठी थुंकी हवी आहे. त्यानंतर रोज एक माणूस स्मरणशक्तीचं टॉनिक घ्या म्हणतो. माझी परीक्षा कधी आहे तेही त्याला ठाऊक आहे.

तुला कळावं म्हणून एक सांगते. परवा कपाटाची किल्ली सापडेना. पूर्वी मी अशा किल्ल्या दहादा हरवल्यात, घरभर ओरडत शोधल्यात. या वेळी ओरडले नाही. गुपचूप शोधली. ती बाबांच्या खिशात होती. बावीस वर्षांच्या पोरीला किल्ली हरवायची मुभा असते, प्रसेनजित. ती तू घेतलीस. प्रेमानं घेतलीस हे मला माहीत आहे. म्हणून तर तुझा नीट रागही करता येत नाही.

लग्नाचं. बाबांनी तुला होकार दिला, तू मला स्वीकारलंस, कंपनीनं जोडी जुळवली. सगळ्यांचं ठरून झाल्यावर मी बसून माझं ठरवलं. हो की नाही ते माझं पक्कं झालंय, आणि त्याचा त्या कागदाशी संबंध नाही. पण ते या पत्रात लिहीत नाही. बाबांना सांगितलेलं नाही, आत्यांनाही सांगणार नाही. माझ्याबद्दलची एवढी एक गोष्ट सध्या जगात फक्त मला माहीत आहे. मला ते बरं वाटतं. सांगावंसं वाटेल तेव्हा मीच सांगेन.

उत्तर पाठवू नकोस. लोभ असला तर असू दे, विचारू नकोस.

भाग्यश्री