शिरूरला ठेवलेली प्रत

घोडनदी, शिरूर
ता. २१ ऑगस्ट २००६

चि. फेथ हिस आजीचे अ. उ. आ. आन् ख्रिस्तात सलाम.

फोनवर मला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहिते. तुझा पप्पा, माझा मॅथ्यू, काल येऊन गेला. तुमच्या कॉम्प्युटरची ती डबी मऊ फडक्यात गुंडाळून आणली व्हती, जसं काय बाळंतिणीचं बाळच. ह्यात काय हाय असं इचारलं, तर म्हणाला, समदा कॉम्प्युटरच हाय. फोटो, गाणी, आन् तो चालू व्हायची कळबी ह्याच्यातच. घरातला बिघडला तर ही लावायची, झोपेतून उठल्यागत तो तसाच उठून बसतो. पर दोन्ही एका घरात नको, चोर आला, आग लागली तर दोन्ही जातील. म्हणून शिरूर! एकदा ठेवायला येतो, मग नव्यानं भरायची म्हणून न्यायला येतो.

मी त्याला बजावलंय, कामाबिगर येऊ नगंस. रेल्वेची ड्युटी, आठवड्याची एक सुट्टी, ती बशीत घालवायची व्हय? पर काम असल्यावर काय बोलणार! येतो, बोंबील-भाकरी खातो, माझ्या खाटंवर घोरतो. शेजारची सोजराबाई जळती. तिचा लेक दिवाळीला तेवढा येतो. मी म्हनलं, त्यालाबी एक कॉम्प्युटर घे.

तुझ्या मम्मीला, मार्थाला सलाम. आजीवरची माया आटू देऊ नगं.

तुझी आजी


दौंड
१४ जानेवारी २००७

ती. आजीस फेथचा ख्रिस्तात सलाम, वि. वि.

पप्पांना जाऊन दोन महिने झाले, तरी मम्मी अजून त्यांच्या बाजूला उशी ठेवते. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लावून पप्पांनी नाताळात म्हटलेली गाणी ऐकायची, त्यावरच तिचा दिवस निघायचा. परवा लाईट गेली आणि आली ती एकदम जोरात. बल्ब फुटले, कॉम्प्युटर जळाला. पप्पांनी घरी आणखी एक प्रत केली होती, ती त्यालाच जोडलेली, म्हणून तीही गेली. दुरुस्तीवाले इरशादभाई म्हणाले, जळालेल्यातून आता काही निघणार नाही. फोटो, पप्पांचा आवाज, सगळंच. मम्मी जेवत नाही.

आता तुझ्याकडची डबी, तेवढीच. माझी परीक्षा आहे, भरवशाच्या माणसाबरोबर पाठव. तब्येतीला जप, आमची आठवण धर.

तुझी फेथ


घोडनदी
ता. १९ जानेवारी

चि. फेथ हिस अ. उ. आ.

घाबरू नगं पोरी. सोजराबाईची लेक दौंडलाच दिलीय, तिच्याबरोबर डबी धाडलीय. मांडीवरनं खाली ठेवायची न्हाई असं सांगितलंय. माझ्या लग्नाच्या लुगड्यात ठेवली व्हती, मुंगीबी शिवली न्हाई. लेक गेला, पर त्याचं समदं मी राखलं, ह्याचा मला लई आनंद हाय. पयलं गाणं लागंल तवा मार्थाला म्हणावं, पोटभर रड आन् मग जेव.

दोघींवर माझा जीव हाय, तुमचाबी असू द्या.

तुझी आजी


दौंड
२ फेब्रुवारी

ती. आजीस सलाम, वि. वि.

कसं लिहावं कळत नाही. मम्मी आणि मी डबी घेऊन इरशादभाईंकडे गेलो. त्यांनी हातात घेतली आणि न लावताच खाली ठेवली. म्हणाले, ही तर मॅथ्यूसाहेबांची, दीड वर्षापूर्वीच मेलेली. तुझ्याकडे येता-जाता न्हावऱ्याच्या रस्त्यावर एसटीचे धक्के खाऊन आतून गेली होती. तेव्हाच त्यांनी पप्पांना सांगितलं होतं, ही टाकून द्या आणि चांगली असल्या प्रवासात नेऊ नका. पप्पांनी नवी घेतली, ती घरीच जोडून ठेवली. जुनी मात्र पुन्हा फडक्यात गुंडाळली. इरशादभाईंनी विचारलं, मेलेली कशाला नेता, तर हसून म्हणाले, राहू दे, आई कामाशिवाय येऊ देत नाही.

घरी आल्यावर मम्मी एवढंच म्हणाली, की चांगली तिकडे ठेवली असती तर आज तो ऐकू आला असता.

रागावू नकोस. लोभ कमी करू नकोस.

तुझी फेथ


घोडनदी
ता. ८ फेब्रुवारी

चि. फेथ हिस अ. उ. आ.

तुझं पत्र अक्षर लावत लावत वाचलं. समदं गेलं हे मला समजलं. मार्थाच्या कानी त्याचा आवाज आता पडायचा न्हाई, हेबी समजलं. मला रडू यायला पायजे व्हतं. पर पोरी, सव्वा वर्स तो मेलेलं डबडं घेऊन येत व्हता! ठेवायलाबी आन् न्यायलाबी! एवढे धक्के खात कशापायी, तर ह्या म्हातारीच्या खाटंवर घोरायला. मी चुलीपुढं बसून हसले, तो गेल्यापासनं पयल्यांदा. सोजराबाईला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

तुझ्या मम्मीचं व्हतं नव्हतं ते गेलं, आन् त्यातच मला एवढं गावलं. त्यातलं अर्धं तिला द्यावं म्हनलं, तर ते देता येत न्हाई.

तिला एवढंच सांग, आजीचं पत्र आलं, आजीबी लई रडली. हे वाचून दाखवू नगं, चुलीत घाल. तिचा माझ्यावर राग असंल तर असू दे. तुझी माया तेवढी राहू दे.

तुझी आजी